जंटलमनचे बूट

नांदेड,
२९ सप्टेंबर २०२५

आदरणीय शेषेराव बिरादार सर,

सविनय जय भीम.

मी आपल्याला कधी भेटलेली नाही. आपल्या चिरंजीवांना, हरिओमदादांना, फोन केला तेव्हा ते म्हणाले, "अण्णांना फोनवर ऐकू येत नाही. पत्र लिहा. उत्तर देतात, आणि पत्रात चुका असल्या तर त्याही काढून पाठवतात." म्हणून जपून लिहिते आहे.

माझे वडील आनंदराज सोनकांबळे १९८४ साली बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आपले विद्यार्थी होते. पुढे ते पशुधन पर्यवेक्षक झाले आणि देवणीच्या गुरांच्या दवाखान्यात तीस वर्षे काढून तिथलेच झाले. गेल्या फेब्रुवारीत ते वारले. देवणीत त्यांना आनंदराज या नावाने कुणी हाक मारत नसे. पहाटे दारात माणूस उभा राहायचा आणि ओरडायचा, "जंटलमन हायत का घरी? गाय अडली हाय!" पोस्टमनसुद्धा पत्त्यावरचे नाव न वाचता 'जंटलमन' म्हणून टपाल टाकायचा. "हे नाव मला बिरादार सरांनी दिलं," एवढेच बाबा आम्हाला सांगत.

घराच्या पुढच्या दोन खोल्यांत आम्ही त्यांच्या नावाने वाचनालय काढतो आहोत. उद्घाटन २६ नोव्हेंबरला, संविधान दिनी. तो बाबांचा दिवस होता. वर्षभर चपला घालणारा माणूस त्या एका दिवशी बूट घालायचा.

त्यांच्या ट्रंकेत तर्कशास्त्राची वही सापडली. एका पानावर चौकट करून तीन ओळी आहेत:

सर्व जंटलमन बूट घालतात.
आनंदराज बूट घालतो.
म्हणून आनंदराज जंटलमन आहे.

खाली लिहिले आहे, 'बिरादार सर, तास तिसरा'.

या तीन ओळी दारावरच्या फरशीवर कोरून घ्याव्यात, असा माझा विचार आहे. आपल्याला दोन विनंत्या आहेत. 'जंटलमन' या शब्दाचा अर्थ आणि उगम आपण अर्ध्या पानात लिहून द्यावा. तो स्मरणिकेत छापू. आणि फरशीवरचा पडदा आपल्या हाताने दूर व्हावा. मी इथे एका शाळेत शिकवते. गाडीची व्यवस्था करू शकेन.

आपली,
पंचशीला सोनकांबळे

*

लातूर,
८ ऑक्टोबर २०२५

श्रीमती पंचशीला सोनकांबळे यांस,

स.न.वि.वि.

आपले पत्र पोचले. वडिलांच्या निधनाचे वृत्त वाचून खेद झाला. तीस वर्षांच्या अध्यापनात हजारो विद्यार्थी समोर बसून गेले. आपले वडील मला नीटसे स्मरत नाहीत. परंतु आपला प्रश्न शब्दाविषयी आहे, आणि त्याचे उत्तर माझ्या स्मरणावर अवलंबून नाही.

'जंटलमन' या शब्दाच्या पूर्वपदाचे मूळ लॅटिन भाषेत आहे. तेथे 'गेन्स' म्हणजे कुळ. आपल्या 'जन्' धातूचे ते दूरचे भावंड होय. त्यावरून फ्रेंचांनी जो शब्द घडवला त्याचा अर्थ 'चांगल्या कुळात जन्मलेला' असा होता, आणि इंग्रजांनी त्याला 'माणूस' जोडला. तात्पर्य, या शब्दाचा वागणुकीशी आरंभी काहीही संबंध नव्हता. ज्याच्या नावे जमीन आहे आणि जो स्वतःच्या हाताने काम करीत नाही, तो जंटलमन. मग तो उद्धट असो वा व्यसनी. सौजन्याचा अर्थ मागाहून आला. तो आला म्हणून आधीचा अर्थ निघून गेला, असे मात्र झाले नाही.

माझे वडील निजामाच्या राज्यात उर्दू शिकले. ते चांगल्या माणसाला 'शरीफ' म्हणत. शरीफचाही मूळ अर्थ उच्च घराण्यातला. 'कुलीन' तर उघडच आहे. तिन्ही शब्द माणसाला एकाच मापाने मोजतात, आणि ते माप माणसाच्या हाती नसते.

'सभ्य' हा शब्द निराळा आहे. सभेत बसण्यास जो योग्य तो सभ्य. येथे जन्म विचारलेला नाही. निदान शब्दाने तरी नाही. स्मरणिकेसाठी एवढा मजकूर पुरेसा व्हावा.

एक सूचना. त्या तीन ओळी कोरू नयेत. फरशीवर मजकूर थोडका शोभतो. शिवाय वर्गातील उदाहरण संदर्भ सोडून दगडावर आले की त्याचा अर्थ पालटतो. आपण बहुधा भाषा शिकवत असाल; तर्कशास्त्रातील वाक्ये भाषेतील वाक्यांसारखी वाचायची नसतात, एवढे ध्यानात घ्यावे. केवळ नाव कोरावे.

समारंभास येणे प्रकृतीमुळे जमणार नाही. क्षमस्व.

आपला,
शेषेराव बिरादार

*

नांदेड,
१७ ऑक्टोबर २०२५

आदरणीय सर,

सविनय जय भीम.

मजकूर मिळाला, आभारी आहे. त्यातली एक ओळ मी दोनदा वाचली: जो स्वतःच्या हाताने काम करत नाही तो जंटलमन. या व्याख्येने बाबा पहिल्या पायरीवरच नापास.

सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्या मागे जायची, म्हणून डोळ्यांनी पाहिलेले सांगते. एका मोठ्या शेतकऱ्याची देवणी गाय अडली होती. बाबांनी पांढरा सदरा काढला, घडी घातली, खुंटीला लावला आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. मालक बाजेवर बसून म्हणाले, "अहो जंटलमन, सगळा हात भरला की वो तुमचा!"

बाबा म्हणाले, "हात धुता येतो मालक. वासरू मेलं तर काय धुता?"

वासरू जगले. बाबांनी हात धुतले, सदरा चढवला, गळ्यापर्यंत गुंड्या लावल्या आणि मगच पाणी मागितले. उघड्या अंगाने ते कधी पाणी मागत नसत. काही घरांतून तांब्या यायचा. काही घरांतून पाणी वरून ओंजळीत यायचे. ओंजळीत येतेय असे दिसले की बाबा म्हणायचे, "ऱ्हाऊ द्या, तहान गेली," आणि सायकल काढायचे. त्या दिवशी त्यांची तहान गेली.

आपले पत्र मी आईला, गुणाबाईंना, वाचून दाखवले. शब्दांचा उगम तिने शांतपणे ऐकला. शेवटी म्हणाली, "नीट आठवत न्हाई म्हंत्यात? मग ह्या वळी नको, हे कसं बरं आठवलं?"

मी तिला गप्प केले. पण प्रश्न माझ्याही मनात राहिला. सर, त्या तीन ओळी का नकोत? मजकूर थोडका शोभतो, हे कारण मला पुरत नाही. उदगीरचा फरशीवाला थांबला आहे.

आपली,
पंचशीला

*

नांदेड,
३ नोव्हेंबर २०२५

आदरणीय सर,

दिवाळी होऊन गेली, उत्तर नाही. फरशीवाला म्हणतो, "ताई, दगड थांबतो, कारागीर थांबत न्हाई." दहा तारखेपर्यंत आपले कळले नाही, तर मी त्याला तीन ओळी कोरायला सांगते.

पंचशीला

*

लातूर,
८ नोव्हेंबर २०२५

श्रीमती पंचशीला यांस,

स.न.

आपल्या मातोश्रींचा प्रश्न अचूक आहे. जे विसरले त्याविषयी माणूस सावध नसतो. मी सावध होतो. म्हणून मला आठवत होते. 'नीटसे स्मरत नाहीत' हे माझे विधान असत्य होते.

आधी त्या तीन ओळींविषयी. ते सिद्धतेचे उदाहरण नाही, दोषाचे आहे. सर्व बैलांना चार पाय असतात, या मेजाला चार पाय आहेत, म्हणून हे मेज बैल आहे: तशाच रचनेचे ते अनुमान आहे. तर्कशास्त्रात त्याला अव्याप्त मध्यपदाचा दोष म्हणतात. आपण ते वडिलांच्या दारावर कोरणार होता. ते कोरले गेले असते, तर जाणत्या माणसाने खाली उभे राहून हसावे, अशी ती फरशी झाली असती. आणि हे ठाऊक असताना मी तीन आठवडे गप्प बसलो.

आता प्रसंग. दोन विधानांवरून तिसरे निष्पन्न करण्याच्या रचनेला आमच्या शास्त्रात 'संविधान' म्हणतात. पाठ्यपुस्तकातला तो जुना शब्द आहे; देशाच्या घटनेशी त्याचा संबंध नाही. ऑगस्ट महिन्यातील एका सोमवारी तास संपवताना मी म्हणालो, "उद्या आपण संविधान सुरू करू."

मंगळवारी आनंदराज उशिरा आला. येताना व्हरांड्यात आवाज झाला, कारण त्याच्या पायात बूट होते. ते त्याचे नव्हते. एक-दोन मापांनी मोठे होते आणि टाचेकडून चिंधी बाहेर आली होती. अंगात पांढरा सदरा, कडक इस्त्रीचा. एरवी तो पायजम्यावर आणि अनवाणी येई. मी विचारले, "काय सोनकांबळे, लग्न आहे का कुणाचं?"

तो म्हणाला, "न्हाई सर. आज संविधान हाय ना."

वर्गाला काही कळले नाही. मला तत्क्षणी कळले. त्या मुलाने घटनेचा पाठ ऐकायला येताना काय घालावे याचा रात्रभर विचार केला असणार आणि बुटांसाठी चार घरे हिंडला असणार, हे मला त्याच क्षणी दिसले होते. पुढे जे घडले ते गैरसमजातून घडले, असे म्हणण्याची सोय त्यामुळे मला नाही. मी म्हणालो, "बस, बस. संविधान म्हणजे तुमचं ते नव्हे."

वर्ग हसला. मी नवखा होतो. तीन आठवड्यांत माझ्या वर्गात प्रथमच हशा पिकला होता, आणि तो मला गोड लागला. मी खडू घेतला आणि त्या तीन ओळी फळ्यावर लिहिल्या. मागून कुणी ओरडले, "सर, बूट कुणाचे ते इचारा की!" आनंदराज अजून उभाच होता. त्याने उभ्यानेच त्या ओळी उतरवून घेतल्या. मी विचारले, "सांग, या अनुमानात दोष कोणता?" जो भाग अद्याप शिकवला नव्हता, तो मी त्यालाच विचारला. मग मीच उत्तर दिले: "बूट घातल्याने कुणी जंटलमन होत नाही."

देवणीकडचा एक मुलगा वर्गात होता. नाव त्याने गावी नेले असावे.

आनंदराज पुन्हा माझ्या तासाला आला नाही. मार्चपर्यंत मी त्याच्या नावापुढे 'गैरहजर' मांडत गेलो. प्रत्येक वेळी ते नाव उच्चारावे लागे आणि प्रत्येक वेळी वर्गात कुणीतरी हळूच 'जंटलमन' म्हणे. मी कधी कुणाला थांबवले नाही.

आमच्या दारावरून जाताना माणसे पायातले हातात घेत, हे मी लहानपणी पाहिलेले आहे. तेव्हा बुटांचे उदाहरण मला सहज सुचले, असेही मला म्हणता येणार नाही.

अनेक वर्षे मी स्वतःशी युक्तिवाद केला की उदाहरण म्हणून ते चोख होते. ते चोखच होते. माझा अपराध 'जंटलमन' या शब्दात नाही. 'तुमचं' या शब्दात आहे. जे माझेही होते, ते एका शब्दात त्याच्या अंगावर टाकून मी मोकळा झालो.

'सभ्य' शब्दाविषयी मी आपल्याला अर्धेच लिहिले. जुन्या न्यायसभेत निवाडा देणाऱ्याच्या शेजारी जे बसत, त्यांना सभ्य म्हणत. सत्य ठाऊक असून जो सभ्य मौन धरी, त्याला अपराधाचा वाटा मिळे. सभेत बसण्याची ती किंमत होती.

त्या ओळी कोरू नका. आणि फरशीच्या पडद्याला माझा हात लागू देऊ नका. आपल्या वडिलांनी 'सरांनी नाव दिलं' असे अभिमानाने सांगितले असेल, तर त्यांना ते कळले नव्हते असे मी समजतो. आणि तेच मला अधिक जड जाते.

शेषेराव बिरादार

*

नांदेड,
१४ नोव्हेंबर २०२५

सर,

जय भीम.

तुम्ही मला भाषेची शिक्षिका ठरवलंत. मी काय शिकवते ते विचारलं नाहीत. मी गणित शिकवते. सगळे चौरस आयत असतात म्हणून सगळे आयत चौरस होत नाहीत, हे माझी आठवीची मुलं फळ्यापाशी येऊन सांगतात. वही सापडली त्याच दिवशी मला त्या अनुमानातला दोष दिसला होता.

तरी तुम्हाला तसं लिहिलं, कारण बाबा 'सरांनी नाव दिलं' एवढंच सांगायचे. कसं दिलं ते कधीच नाही. मला ते तुमच्याकडून हवं होतं. फरशीवर त्या ओळी मी कधीच कोरणार नव्हते. उदगीरला कुणीही थांबलेलं नव्हतं. तो कारागीर आणि त्याचं वाक्य दोन्ही माझेच. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला खोट्या दगडाची भीती घातली, हे मला शोभलं नाही. त्याचा दोष माझ्याकडे लिहून ठेवा.

'तुमचं ते नव्हे' हे वाक्य मात्र मला माहीत नव्हतं. मोठ्याने वाचताना मी तिथे अडखळले. आईने चष्मा काढला आणि म्हणाली, "हाव. आसंच म्हन्ले हुते." म्हणजे लग्नापासून तिला ठाऊक होतं. मी विचारलं, आम्हाला का नाही सांगितलं? तर म्हणाली, "तुम्हाला कालिजात धाडायचं हुतं की. आधीच भ्या घालून कसं धाडायचं?"

तेव्हा बाबांना कळलं नव्हतं हा तुमचा निष्कर्षही चूक आहे. कळत नसेल, हे तुम्ही त्यांच्या बाबतीत धरून चाललात आणि माझ्याही.

आणखी एक. ते पुन्हा तुमच्या तासाला आले नाहीत, असं तुम्ही लिहिता. मग वही मार्चपर्यंत कशी चालली? त्या मंगळवारनंतरचे सगळे धडे तीत आहेत, तारीख घालून. आई म्हणते, "भाईर बसायचे, खिडकीच्या खाली. बूट तर दुसऱ्याच दिशी ज्याचे त्याला देऊन टाकले. अनवाणी पायाचा आवाज येत न्हाई." तुम्ही आत गैरहजर मांडत होता तेव्हा ते बाहेर उतरवून घेत होते.

शेवटच्या पानावर तुमचं वाक्य आहे: 'अनुमान सदोष असले, म्हणून निष्कर्ष असत्य ठरतोच असे नाही.' त्याच्याखाली पेन्सिलीने, बाबांच्या अक्षरात: 'मग निष्कर्षाचं मी बघतो.'

चाळीस वर्षं त्यांनी ते बघितलं. पण सर, ते त्यांचं काम होतं, त्यांनी केलं. त्याने तुमचं वाक्य बरं होत नाही. ते लिहिण्याची वेळ मी तुमच्यावर आणली आणि ऐकण्याची आईवर. आता त्याला माझ्याकडे जागा नाही, ते तुमच्याकडेच राहू द्या.

ठरलं ते असं. फरशीवर फक्त 'आनंदराज सोनकांबळे वाचनालय'. वही काचेखाली, शेवटचं पान उघडून. पडदा आई दूर करील. स्मरणिकेत 'जंटलमन' शब्दाच्या उगमाऐवजी तुमचं आठ नोव्हेंबरचं पत्र छापायचं आहे, जसंच्या तसं. परवानगी द्याल का?

आणि तुम्ही यावं. व्यासपीठावर नाही. खाली सतरंजी असेल. गुडघ्यांना जमत नसेल तर मागे भिंतीशी एक खुर्ची ठेवते. सभेत बसण्यास योग्य तो सभ्य, असं तुम्हीच लिहिलंय. बाबांना तुमच्या सभेत बसता आलं नाही. तुम्हाला आमच्या सभेत बसता येतं का, बघा.

पंचशीला

*

लातूर,
२० नोव्हेंबर २०२५

पंचशीलाताई,

परवानगी आहे. मात्र एक दुरुस्ती हवी. केवळ आठ नोव्हेंबरचे पत्र छापल्यास मी विचारताक्षणी खरे सांगितले, असा वाचणाऱ्याचा समज होईल. म्हणून आधी माझे आठ ऑक्टोबरचे पत्र छापावे, 'नीटसे स्मरत नाहीत' या वाक्यासह; मग तुमचे स्मरणपत्र; आणि त्यानंतर ते. क्रम बदलू नये. तुमच्या खोट्या दगडाचा दोष मी तुमच्या नावे लिहून ठेवत नाही. तो दगड टाकला नसता, तर मी बोललो नसतो.

खिडकीखालच्या विद्यार्थ्याविषयी मला काही लिहिता येत नाही. तो वर्ग मी आठवून पाहिला. खिडकी माझ्या उजव्या हाताला होती आणि फळ्यावरून वर्गाकडे वळताना मी दर वेळी तिच्याकडे पाहत असे. खाली पाहिले नाही.

मी येईन. खुर्ची नको, खाली बसताना हरिओम आधार देईल. गाडीही पाठवू नये. आम्ही उदगीरवरून बसने येऊ.

काल कपाटातून बूट काढून पॉलिश करून घेतले. हल्ली पाय सुजतात आणि ते मला घट्ट होतात. हरिओम चिडून म्हणाला, "अण्णा, देवणीत खाली सतरंजीवर बसायचं आणि बूट कशाला? दारातच काढावे लागतील."

मी त्याला सांगितले, दारापर्यंत घालीन. त्या दिवशी संविधान आहे ना.

शेषेराव बिरादार